ओटीतले तांदूळ

कॉव्हेंट्री,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय नंदाताई,

नमस्कार. तुझी कंबर आता धरत नसेल आणि शिरोड्याला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. मी बरा आहे.

हे पत्र नेहमीसारखं हाताने लिहून त्याचे फोटो वरदच्या मोबाइलवर पाठवतोय. त्याला म्हणावं, छापून आण आणि आईच्या हातात देण्याआधी पानं क्रमाने लाव. उजव्या कोपऱ्यात आकडे घातले आहेत. मागच्या खेपेला तुझ्या चिरंजीवांनी तिसरं पान दुसऱ्याच्या आधी लावलं, आणि गेला तो बॉयलर हे न कळून तू माझं सांत्वन केलंस. फोन केला तर लगेच तुझं "बरां, ठेवतंय" सुरू होतं, म्हणून हा खटाटोप.

आता कामाचं. तू सांगितल्याप्रमाणे पितृपक्ष उलटल्यावरच निघतोय. घटस्थापना सोमवारी, मी बुधवारी, २४ तारखेला. लंडनहून विमानाने पालेर्मो, तिथून बसने त्रापानी. दसऱ्याला परत, आणि येताना बरोबर ईशानी. तिला सातवा सरत आलेला असेल. त्या दिवसांत विमानकंपनी डॉक्टरांचं पत्र मागते, ते तिने घ्यायचं आहे, मी आठवण करून दिली आहे. बाळ डिसेंबरच्या मध्याला. तुझं तिकीट तीन नोव्हेंबरचं. म्हणजे तू येशील तोवर ती इथे रुळलेली असेल आणि तुला सगळं हातात घ्यायला पुरेसा अवधी मिळेल. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात मी नवीन काही करत नाही. मनीषा असती तर तिने हेच केलं असतं. ती नाही म्हणून ते व्हायचं थांबत नाही.

खालची मागची खोली रंगवून घेतली. घेतली म्हणजे मीच रंगवली, गुडघे कुरकुरत होते तरी. मनीषाचे शेवटचे महिने त्याच खोलीत गेले हे मला माहीत आहे, पण जिना न चढता बाथरूमला जाता येईल अशी घरात ती एकच खोली आहे. पलंगाचे पाय कापून त्याची उंची कमी केली. डिंक, हळीव, खारीक, बाळंतशेपा सगळं आणून डब्यांवर लेबलं लावली आहेत. डिंक दोन दुकानांतून आणून फुलवून पाहिला, लेस्टरचा चांगला.

तू विचारलंस, "ता त्रापानी खंयसर आसा रे?" सांगतो. सिसिली बेटाचं पश्चिमेचं टोक. नकाशात बघितलंस तर समुद्रात शिरलेली वाकडी जमिनीची पट्टी दिसेल, विळ्यासारखी. ग्रीक लोक तिला विळाच म्हणत. आधी कार्थेजवाले, मग रोमन, मग अरब, नॉर्मन, स्पॅनिश. जो आला तो बंदरासाठी आला आणि मिठासाठी राहिला. मिठागरं आपल्या शिरोड्यासारखीच, फक्त पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात चढवायला त्यांनी पवनचक्क्या उभारल्या. शिवाय पोवळ्याचं नक्षीकाम, संगमरवर, आणि एके काळी ट्यूना मासा. मासा आता संपत आला, म्हणून पर्यटक. आपला जावई निनो मिठागरातलाच, हे तुला ठाऊक आहे. नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत शिकला, ईशानीशी लग्न केलं आणि परत जाऊन बापाबरोबर मीठ ओढायला लागला.

हे सगळं मी परवा इथल्या मराठी मंडळात सांगत होतो, तर रीडिंगहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "रघुवीरकाका, तुम्ही आमचे विकिपीडिया काका." सगळे हसले. मीही हसलो. आयटीआयचा फिटर, बस डेपोत पाने फिरवत हात काळे झाले, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही हे खरं. पण मी जे सांगतो ते दोन पुस्तकांत ताडून सांगतो. काकांना हसणारे तेवढं करत नाहीत.

ओटीचा प्रश्न तू काढलास तो बरोबर आहे. मुलीला सातव्यात सासरहून आणायची तर ओटी भरून आणायची, आणि ती भरायला सवाष्ण हवी. पुरुषाने भरलेली तुला चालणार नाही. मी विचार केला. निनोची आई, पिना, सवाष्ण आहे. तिच्याच हातून भरून घेतो. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, नारळ नेता येतो, हे तपासलं आहे. नारळ, बासमती तांदूळ, हळकुंड आणि मनीषाच्या कपाटातला हिरवा खण एवढं घेतलंय. मग विहीण-व्याह्यांना रीतसर विनंती करीन, की मुलीला पाठवा.

ईशानी हल्ली फोनवर कमी बोलते. दमत असेल.

तुझा,
रघुवीर


त्रापानी,
सोमवार, २९ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी सुखरूप पोचलो. ईशानीची तब्येत चांगली आहे, पाय थोडे सुजतात, वजन योग्य वाढलं आहे. चेहरा अगदी मनीषासारखा दिसायला लागलाय, विशेषतः ती चिडली की.

इथे अजून उकाडा आहे. मी गेस्ट हाऊसमध्ये उतरलोय. ईशानी रागावली, म्हणाली, "बाबा, घरात रूम आहे ना, मग कशाला?" तुझं म्हणणं तिला सांगितलं असतं तर अजून रागावली असती. पहिलं मूल होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे मी मानत नाही. पण खोली आधीच घेतली होती. कॉफी मात्र रोज पितो त्यांच्याकडे. कॉफी पाण्यात धरत नसतील.

शुक्रवारी तिने मला एरिचेला नेलं. त्रापानीच्या डोक्यावर डोंगर आहे, साडेसातशे मीटर, त्याच्या माथ्यावर हे गाव. केबल कारने जाता येतं, वारा सुटला की ती बंद. वर फरसबंदी गल्ल्या, करडी दगडी घरं, आणि टोकाला किल्ला. किल्ला जिथे आहे तिथे पूर्वी देवीचं देऊळ होतं. दर्यावर्दी लोक खालून समुद्रातून तिच्या देवळातला जाळ पाहून गलबतं हाकत, असं म्हणतात. देवीचं नाव प्रत्येक नव्या राज्यात बदललं, जागा तीच राहिली. आता गावात हिवाळ्याला फार थोडी माणसं असतात. उन्हाळ्यात बदामाच्या मिठाया घ्यायला बसेस भरून लोक येतात. या मिठाया पूर्वी मठातल्या जोगिणी करायच्या.

चढ बराच आहे. मला दम लागला. एका चर्चच्या पायरीवर ईशानीने मला बसवलं, माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि बाटली उघडून हातात दिली.

"माझा पाठ दुखतो आणि दम तुमचा लागतो," ती म्हणाली.

"मी जरा इमारत पाहत होतो," मी म्हटलं. "चौदाव्या शतकातली आहे."

"हो बाबा. चौदावा शतक. पाणी प्या."

शनिवारी निनोच्या वडिलांबरोबर मिठागरावर गेलो. त्यांचं नाव विटो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उन्हाने भाजून काळाठिक्कर, आपल्या आरवलीच्या माणसांत सहज खपून जाईल. त्याला इंग्रजी येत नाही, मला इटालियन येत नाही. शेवटच्या वाफ्यातलं पाणी गुलाबी असतं, खारात जगणाऱ्या एका शेवाळाने. मिठाच्या राशी लावून वर कौलं घालतात, घरावर घालतात तशी, पावसात वितळू नये म्हणून. मी एका राशीतलं मीठ चिमटीत घेऊन पाहिलं, जिभेवर ठेवलं आणि नापसंतीने मान हलवली. त्याने दुसऱ्या राशीतलं दिलं. त्याला मी अंगठा वर केला. तो खदखदून हसला आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मला वाटलं, व्याह्यांशी जमलं.

आता रविवारचं लिहितो.

दुपारी विटो-पिनाच्या घरी जेवण होतं. माशाच्या रश्श्यात भिजवलेला कुसकुस, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्या, समोर ट्युनिशिया असल्यामुळे हा तिकडचा पदार्थ इथे आला आहे. जेवणानंतर मी सामान काढलं. पिनाला खुणेने आणि निनोच्या मदतीने दाखवलं: हळदीकुंकू असं लावायचं, खण-नारळ असा ठेवायचा, तांदूळ असे पाच वेळा ओंजळीने ओटीत घालायचे. पिना ठेंगणी, गोल, मोठ्या आवाजाची बाई आहे. तिला फार मजा वाटली. तिने एप्रन काढून ठेवला, केसांवरून हात फिरवला, ईशानीच्या ओढणीचा पदर धरला आणि तांदूळ घातले. ईशानीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोटो घेतला, तो चांगला आला आहे, पाठवीन.

मग मी उभा राहिलो. हात जोडले. मी ते वाक्य मराठीत तयार करून ठेवलं होतं, कारण असल्या वेळी माणसाने स्वतःच्या भाषेत बोलावं: "विहीणबाई, व्याहीबुवा, आता आमच्या मुलीला आमच्याकडे पाठवा. बाळबाळंतीण सुखरूप आणून सोडीन."

ईशानीला म्हटलं, सांग.

ती म्हणाली, "नाही सांगणार."

"अगं, रीत आहे."

"बाबा, प्लीज. नॉट नाऊ."

मग मी तेच निनोला इंग्रजीत सांगितलं. तो बिचारा बायकोकडे पाहत राहिला, पण मी वडील माणूस, हात जोडून उभा. त्याने आईला सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं. पाठवा आणि आणून सोडीन, यातलं दुसरं तिच्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे.

पिना आधी हसतच होती. मग तिचं हसू गेलं. तिने ईशानीच्या ओटीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, हळद लागली होती त्यांना. मग ती एकदम बोलायला लागली, विटोकडे, निनोकडे, माझ्याकडे, छातीवर हात मारत. मला शब्द कळत नव्हते. नंतर निनोने सांगितलं. तिला वाटलं, मी तिच्या मुलाचा संसार मोडायला आलोय, आणि मुलगी परत नेण्याचा विधी मी तिला फसवून तिच्याच हातून करवून घेतला.

आणि ताई, तिने वाडगं घेतलं, खाली बसली आणि ईशानीच्या ओटीतले तांदूळ परत काढायला लागली. ओंजळी-ओंजळीने. शेवटी बोटांनी, ओढणीच्या चुण्यांतले दाणे वेचून. ईशानी हलली नाही, सासूच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. विटो खिडकीशी जाऊन उभा राहिला. माझे हात जोडलेलेच होते, ते केव्हा सोडायचे ते मला कळेना.

शकुन-अपशकुन मी मानत नाही हे तुला ठाऊक आहे. याच बंदरापुढे इसवीसनापूर्वी २४९ साली रोमन सेनापतीने लढाईआधी शकुनाच्या कोंबड्यांपुढे दाणे टाकले. कोंबड्या खाईनात. तो म्हणाला, खात नाहीत तर पाणी पिऊ देत, आणि त्याने त्या समुद्रात फेकून दिल्या. त्या दिवशी त्याचं बहुतेक आरमार गेलं. ही केवळ माहिती म्हणून लिहिली आहे.

रघुवीर


कॉव्हेंट्री,
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्हा सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा, उशिराने. मी गुरुवारी ठरल्याप्रमाणे परत आलो. विमान चाळीस मिनिटं उशिरा. इथे थंडी पडली आहे, हीटिंग लावलं.

मंगळवारी मी एकटाच मार्सालाला गेलो होतो, त्याविषयी लिहायचं राहिलं. त्रापानीच्या दक्षिणेला, बसने तासाभराच्या आत. नाव अरबांनी दिलेलं, मार्सा म्हणजे बंदर. अठराव्या शतकात एक इंग्रज व्यापारी वादळामुळे तिथे थांबला, स्थानिक वाइन त्याला आवडली, समुद्रावर ती टिकावी म्हणून त्याने तिच्यात थोडी कडक दारू घातली आणि पिंपं विलायतेला पाठवली. त्यावर गाव मोठं झालं. गोदामांच्या लांबच लांब भिंती अजून समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत, काहींची छपरं गेलीत. इटली एक करायला निघालेले स्वयंसेवक १८६० साली उतरले तेही याच धक्क्यावर. मी धक्क्यावर बसून होतो. फार वेळ बसलो. एका म्हाताऱ्याने येऊन मला बरं आहे ना असं विचारलं, हातांनीच.

ईशानी आलेली नाही.

ते वरच लिहायला हवं होतं. पण तू वाचताना आधी शेवटचं पान बघतेस, तेव्हा तुला कळलंच असेल.

बुधवारी दुपारी तिने मला मिठागराच्या बांधावर नेलं. निनो दूर काम करत होता. ती बांधावरच्या दगडी कठड्यावर बसली, मी उभा होतो, तिने ओढून बसवलं. मी विमानाचं काहीतरी बोलायला लागलो, कारण दुसऱ्या दिवशीचं तिचं तिकीट माझ्या खिशात होतं.

"बाबा, मी जूनमध्येच सांगितला होता," ती म्हणाली. "मी येणार नाही. तुम्ही लगेच फ्लाइटचा टाइम सांगायला लागले. जुलैमध्ये पण सांगितला. तुम्ही म्हणाले, सिग्नल नीट नाही."

हे खरं आहे, ताई. ती नाही म्हणाली होती हे मी तुला कळवलं नव्हतं. मला वाटलं, समोर गेल्यावर, ओटी भरल्यावर, ती काही नाही म्हणायची नाही.

मी म्हटलं, "माहेरी बाळंतपणाला येणं म्हणजे विश्रांती, ईशू. तुला काडी उचलावी लागणार नाही. आत्या येतेय. मी सगळं शिकून ठेवलंय. शेक कसा द्यायचा, धुरी कशी..."

ती हसली. मग म्हणाली, "बाबा, मी तिथे आले ना, तर माझा बाळंतपण नाही होणार. तुमचा होणार. सकाळी तुमचा चहा. तुमचा बीपीचा गोळी. तुमचा चष्मा कुठे, तुम्ही का जेवला नाही, जिन्यावर लाइट का नाही लावला. मी आणि आत्या, दोघी तुम्हालाच बघत बसणार. आणि तुम्ही आम्हाला सांगणार, डिंक कुठला चांगला."

"लेस्टरचा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"बघ!" ती म्हणाली. रागात ती मला अरेतुरे करते, मनीषाच्या सवयीने.

पवनचक्की फिरत नव्हती, वारा नव्हता. ती हळूच म्हणाली, "आणि ती रूम. मला त्या रूममध्ये झोपायचा नाही, बाबा. तुम्ही पेंट केला, मला फोटो पाठवला, छान केला. पण मी डोळा उघडला की मला आईच दिसेल. मी तिथे बाळ घेऊन कसा झोपू?"

मी म्हटलं, "त्या खोलीला बाथरूम जवळ आहे."

यावर ती पुन्हा हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. बाही सोडली नाही. पण येते असंही म्हणाली नाही.

मी तिचं तिकीट खिशातून काढलं नाही. ती विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही.

संध्याकाळी मी गेस्ट हाऊसवर बॅग भरत होतो, तर दारावर धडाधड थापा. पिना आणि तिच्यामागे निनो, हातात झाकलेलं ताट. निनोने आईला सगळं समजावून सांगितलं होतं, सातवा महिना, माहेर, ओटी, सगळं. पिनाने ताटावरचं फडकं काढलं. त्या बाईने ओटीतले तांदूळ शिजवून त्यांचे सारण भरलेले तळीव गोळे केले होते. तिकडे हा प्रकार गल्लोगल्ली मिळतो. पण त्याला चिकट तांदूळ लागतो, आपला पडला बासमती, त्यामुळे निम्मे गोळे फुटून त्यांतले वाटाणे बाहेर आले होते. ती ते मला दाखवून हात उडवत होती. निनो म्हणाला, "शी सेज, युअर राइस इज इम्पॉसिबल."

मी म्हटलं, तिला सांग, ओटीचे तांदूळ मुलीने शिजवून खायचे असतात, बापाने नाही.

त्याने सांगितलं. ती म्हणाली, मुलीने दुपारी चार खाल्ले, आता बापाची पाळी. मग पलंगाच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत राहिली. मी दोन खाल्ले. मीठ बेताचं होतं. मुलीच्या सासरचं अन्न रविवारी झालंच होतं, आता ओटीचे तांदूळही झाले. तुला काय म्हणायचं ते म्हण.

तिने विचारलं, तिकडे तुला जेवण कोण करून घालतं. मी म्हटलं, मीच करतो. तिने निनोकडे वळून काहीतरी म्हटलं. त्याने भाषांतर केलं नाही. मी विचारलं, काय म्हणाली? "नथिंग. शी सेज यू आर थिन." ते तेवढंच नव्हतं; ती बरंच बोलली होती. शेवटी उठताना म्हणाली, डिसेंबरात ये, आमच्याकडे राहा, गेस्ट हाऊस नको, आणि सूचना द्यायच्या नाहीत. हे शेवटचं पिनाचं की ईशानीचं, ते कळायला मार्ग नाही.

मी बघतो म्हणालो.

तर अशी हकिकत. बाळ त्रापानीच्या हॉस्पिटलात होईल. आवश्यक ती चौकशी मी तिथे असतानाच केली आहे, हॉस्पिटल चांगलं आहे. शेक-मालिश पिना करील. तिला चार मुलं झाली आहेत, माझ्या वाचनापेक्षा तिचं जास्त चालेल. फेब्रुवारीत बाळाला घेऊन दोघं इथे पंधरा दिवस येतील, असं ईशानी म्हणाली आहे. मी वरची खोली तिला देणार आहे, रस्त्याकडची.

आता तुझ्या प्रवासाचा प्रश्न. ज्यासाठी यायचं तेच राहिलं नाही, तेव्हा तू तिकीट रद्द केलंस तर मी समजू शकतो. नोव्हेंबरात इथे चारलाच दिवस मावळतो. थंडीने तुझे सांधे धरतील. जिना उंच आहे. शेजारी इंग्रज, चांगले आहेत पण कचऱ्याचे बिन्स बाहेर काढण्याच्या दिवशीच दिसतात. मंडळ महिन्यातून एकदा, तेही बसने जावं लागतं. शिरोड्याहून मुंबईचा प्रवास, मग नऊ तास विमान, या वयात. वरद नको म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. हे सगळं मी नीट विचार करून लिहितोय, म्हणजे तुला निर्णय घ्यायला सोपं जाईल.

गुरुवारी आल्यावर मी दार उघडलं आणि "आलो" म्हणालो. मोठ्याने. सवयीने. मग बूट काढत तसाच पायरीवर बसलो. आत गेलो तेव्हा दिवेलागणीची वेळ टळून गेली होती.

वर जे कारणांचं लिहिलंय ना, ते खोडून काढत नाही, कारण त्यातलं प्रत्येक खरं आहे. पण तिकीट रद्द करू नकोस. डिसेंबरात तिकडे जायचं की नाही, ते आपण दोघं बसून ठरवू. जायचं ठरलं तर तुझ्या व्हिसाचं मी बघीन.

बाळंतपणासाठी म्हणून नको, ताई. अशीच ये.

वाट पाहतो.

तुझा,
रघू